पाहुणा आधी

वासूला जगात आवडणाऱ्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या आणि तरी अंगठा मोकळा राहिला असता. नावडणाऱ्या गोष्टी मोजायच्या तर शेजारपाजारच्या सगळ्यांची बोटं उसनी आणावी लागली असती. अत्तर त्याला चालत नसे, कारण अत्तराखाली घाम असतो. फिनेल चालत नसे, कारण फिनेलखाली काय असतं ते त्याला माहीत होतं. लिफ्टमध्ये तो श्वास धरून उभा राही. वरच्या मजल्यावरच्या बेसिनखालचा जॉइंट गळतोय हे तो जिन्यात उभ्याउभ्या वासावरून सांगे, आणि त्या लोकांनी आभार मानले की आणखीच वैतागे. बायको म्हणायची, आधी नाक तयार झालं आणि उरलेल्या मालातून यांना बनवलं.

वासू हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हे. वास काढायच्या खोडीवरून जहाजावर कुणीतरी तशी हाक मारली आणि ती जी चिकटली ती नोकरी सुटली तरी सुटली नाही. जहाज नौदलाचं, पण लढाईचं नव्हे, दुरुस्तीचं. म्हणजे तरंगणारा कारखाना. लेथ, ड्रिल, वेल्डिंग, सुतारकाम, पितळ ओतायची भट्टी, सगळं एका लोखंडी पोटात कोंबलेलं. लढाऊ जहाजांचं काही मोडलं, फुटलं, जळलं की ती येऊन याच्या बाजूला दोर बांधून उभी राहत आणि इथली माणसं हत्यारं घेऊन तिकडे पळत. वासू त्यातला पाइपफिटर. पाइपात पाणी असो, तेल असो, वाफ असो की ज्याचं नाव चारचौघांत घेत नाहीत ते असो, गळेल तिथे वासू. समुद्राच्या ओढीने भरती झालेल्या या माणसाने समुद्र पाहिला तो बहुतेक गोल खिडकीतून, आणि त्या खिडकीखाली नेहमी एखादा तुंबलेला पाइप असायचा.

जहाजावर एक रिवाज होता. पाहुणा आधी. बाजूला येऊन लागलेल्या जहाजाला सगळे पाहुणा म्हणत, आणि पाहुण्याचं काम पुरं झाल्याशिवाय स्वतःच्या जहाजाच्या कामाला हात लावायचा नाही. ऐकायला किती छान. पण पाहुण्यांची रांग कधी संपलीच नाही. एक गेला की दुसरा हजर; घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. लोकांत म्हणतात आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. इथे नेमकं उलटं. परक्यांचे पंप गुमान चालायचे आणि यांच्या स्वतःच्या संडासाचा पंप रोज सकाळी लाकडी दांडक्याने बदडल्याशिवाय जागा होत नसे. पिण्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग. झुरळं इतकी, की बूट आपटून मग पाय घालायची सवय वासूला आजही आहे, आणि त्याच्या घरात आज औषधाला झुरळ नाही. जेवणाच्या टेबलावरून सांडपाण्याचा एक पाइप जायचा. तो गळायचा म्हणून त्याखाली तारेने एक डबा टांगलेला होता. वासूने तो पाइप बदलायची परवानगी कितीदा मागितली. उत्तर ठरलेलं, हा पाहुणा जाऊ दे. डबा भरला की ज्याच्या ताटावर तो असेल त्याने उठून रिकामा करायचा. पुढे पुढे नवी मंडळी त्या डब्याला जहाजाचाच एक अवयव समजायला लागली. तो डबा आठवला की वासूला आजही घास गिळवत नाही.

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. पाहुण्याला हवा असलेला भाग भांडारात नसला की तो घरचा काढून द्यायचा. इथली मोटर, तिथला व्हॉल्व्ह, कुणाच्या केबिनचा दिवा. नवीन येईल पुढच्या खेपेला, असं म्हणायचं आणि विसरायचं. या जहाजावरून असं उचकटून नेलेलं सामान एकत्र केलं असतं तर दुसरं जहाज उभं राहिलं असतं, आणि ते नक्कीच जास्त चांगलं चाललं असतं.

या सगळ्या घाणीत वासूला आवडणारी जी दोन-तीन माणसं होती त्यांत पहिला ओतारी. त्याचं काम भट्टीवर. वाळूचा साचा करायचा, मुशीत पितळ वितळवायचं आणि ओतायचं. बेअरिंगच्या बुशांपासून व्हॉल्व्हच्या अंगापर्यंत जे तुटेल ते ओतारी नवं ओतून देई. गडी उंचापुरा, गळ्यात घामाचा पंचा, कायम काहीतरी गुणगुणत असलेला. वासूच्या अगदी उलट. त्याला कशाचीच किळस नव्हती. डब्याखाली बसून तो मजेत जेवायचा आणि वासूला विचारायचा, तुझ्या नाकाला पगार वेगळा मिळतो का रे.

पितळ तापलं की त्यातलं जस्त जळतं आणि दाट पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की तोंडात गोडसर चव येते, संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढतो आणि सकाळी उतरतो. भट्टीवरची माणसं याला भट्टीचा ताप म्हणत आणि त्यावर ग्लासभर दूध पीत. दुधाने काय होतं देव जाणे. खरं औषध एकच, भट्टीच्या वरचा धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा. ओतारीने त्याच्या जाळीला एक लाल चिंधी बांधली होती. चिंधी जाळीला चिकटून फडफडली म्हणजे पंखा ओढतोय. लोंबली म्हणजे आधी पंखा बघायचा, मग मूस पेटवायची. एवढीच त्याची शिस्त होती आणि ती त्याने कधी मोडली नव्हती.

ऐन उन्हाळ्यात एक मोठं लढाऊ जहाज येऊन लागलं. त्यांच्या इंजिनरूमचा पंखा जळालाय, असा निरोप आला. भांडारात नव्हता. वर्कशॉपचे साहेब टाल्कम पावडर लावून, नाकाला रुमाल धरून खाली उतरायचे, म्हणून सगळे त्यांना पावडरसाहेब म्हणत. त्यांनी पाच मिनिटंही विचार केला नाही. पाहुणा आधी. दुपारपर्यंत वीजवाल्यांनी भट्टीवरचा पंखा उतरवून नेला, चिंधीसकट. ओतारीने स्वतः शिडी धरली. नवीन येईल पुढच्या खेपेला.

त्यानंतर किती खेपा आल्या आणि गेल्या. भट्टी मात्र चालूच राहिली. ओतारी आत ओतायचा, धाप लागली की दारात येऊन उभा राहायचा, आणि भुवया पांढऱ्या झालेल्या तोंडाने हसायचा. रोज संध्याकाळी ताप, रोज रात्री दूध. वासूचं नाक तीन डेक वरून तो धूर ओळखायचं. त्याने पावडरसाहेबांना जाऊन सांगितलं, भट्टीत माणूस बसण्यासारखी हवा नाही. साहेब म्हणाले, तू पाइपवाला ना, पाइप बघ.

मग एकदा तेच लढाऊ जहाज पुन्हा येऊन लागलं आणि वासूला तिकडे पाठवलं. ऑफिसर लोकांच्या लाउंजशेजारी हात धुवायचं बेसिन तुंबलं होतं. मेजवानी चालली होती. दार उघडं होतं म्हणून वासूने आत पाहिलं. गादीच्या खुर्च्या, ग्लास, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बोटांत सिगारेट नाहीतर सिगार. पण वासूच्या नाकाला काही लागेना. धुराने भरायला हवी ती खोली स्वच्छ. त्याने मान वर केली. छताजवळ पंखा सुरू होता आणि जाळीला लाल चिंधी फडफडत होती. त्याखाली, पाहुणचार घेत, पावडरसाहेब बसले होते. त्या दिवशी त्यांच्या नाकाला रुमाल नव्हता.

वासू बेसिनचा पाइप सोडवून परत आला. सरळ भट्टीवर गेला. ओतारी दारात उभा राहून एका वेल्डरला सांगत होता, आपला पंखा लढाईला चाललाय, बरं का. तुम्ही आम्ही इथेच, पंखा मात्र आघाडीवर. त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की वासूच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. दोनच दिवसांनी ते जहाज खरोखरच लढाईवर गेलं. मग तर बोलायची सोयच उरली नाही.

यालाही आता उभा जन्म लोटला. नोकऱ्या संपल्या. दोघं एकाच शहरात राहायला आले, वासू चौथ्या मजल्यावर, ओतारी तळमजल्यावर, कारण ओतारीला आता जिना चढवत नव्हता. त्याची फुप्फुसं कामातून गेली होती. नाकात नळी, शेजारी चाकांच्या गाडीवर प्राणवायूचा छोटा सिलिंडर. वासू दर दिवसाआड जाऊन त्या सिलिंडरचा जॉइंट तपासायचा आणि दवाखान्याने बसवलेल्या फिटिंगला शिव्या घालायचा. जन्मभर नळ्या जोडल्या आणि शेवटी ही नळी नशिबी आली, असं त्याला वाटे, आणि वाटलं की तो बोलूनही दाखवी.

पण वासूची खरी जळफळ वेगळीच होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सिगारेट ओढायचा का. ओतारी म्हणाला, ओढायचो. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. जहाजावर सगळेच ओढायचे तशी तोही चार ओढायचा, आणि जहाज सोडल्यावर काही वर्षांत त्याने ती सोडलीही. पण वहिनींचा, म्हणजे ओतारीच्या बायकोचा, यावर विश्वास कधी बसलाच नाही. घरातून निघताना, बाहेरून आल्यावर, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा, त्यांचा हात नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात जायचा. शोधून शोधून त्याच्या सगळ्या शर्टांचे खिसे कोपऱ्यात उसवले होते आणि बटणं कधीच गळून पडली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगायच्या, यांनी हे हाताने ओढवून घेतलं. स्वतःच्या हाताने. रडायच्याही, पण रडतानाही दोष त्याचाच. आणि ओतारी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात नळीतून श्वास ओढत राहायचा.

वासूने कितीदा विषय काढला. वहिनी, भट्टीवर धूर फार असायचा हो, एवढं बोलला की ओतारी लगेच म्हणायचा, अगं, चहा टाक. त्या आत गेल्या की दबक्या आवाजात वासूला दटावायचा, जहाजाचं नाव खराब करू नकोस. वासूला त्या जहाजाच्या नावाची शिसारी यायची. पण याच्याजवळ आता एवढा एकच अभिमान उरलाय, आपला पंखा लढाईला गेला. तोही काढून घ्यायचा का? धुराचं सांगायचं तर पंख्याचं सांगावं लागणार, आणि पंख्याचं सांगितलं तर लाउंज लपणार नाही. त्यात दिवस जात होते. डॉक्टर आता तारखा देताना वहिनींच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. हा माणूस बायकोच्या नजरेत गुन्हेगार म्हणूनच मरणार, या विचाराने वासूला अन्न जाईना.

अशात जहाजावरच्या जुन्या लोकांचा मेळावा ठरला. जहाज केव्हाच भंगारात जाऊन त्याच्या सळ्या झाल्या होत्या, आणि आता त्याचा सोहळा. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. वासूने जायला साफ नकार दिला. ओतारी मात्र लहान मुलासारखा हट्टाला पेटला. जायचंच. वहिनी म्हणाल्या, भावजी, सिलिंडर कोण सांभाळणार, तुम्ही आलात तरच नेते. वासूने सदरा घातला आणि मनाशी ठरवलं, तिथे जर कुणी त्या पंख्याची गोष्ट रंगवली तर मी उठून उभा राहीन आणि सगळं ओकून टाकीन. लाउंजसकट. होईल ते होवो.

हॉल थंडगार होता आणि तिथे कृत्रिम गुलाबाचा वास मारला होता. वासूचं डोकं दारातच भणभणलं. जुने लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. ज्याने आयुष्यभर डबा रिकामा करायची पाळी चुकवली तो डब्याच्या आठवणीने डोळे पुसत होता. आपल्या जहाजासारखं जेवण पुन्हा कुठे मिळालं नाही, असं एक स्टोअरकीपर म्हणाला. त्याला मिळालं नसेलही, कारण अर्धं तो स्वतःच खायचा. दांडक्याने बदडायचा संडासाचा पंप आता त्यांना लाडका म्हातारा घोडा वाटत होता. वासू हे सगळं ऐकत होता. खोटारड्यांचा त्याला राग नव्हता. ही माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच असं आठवत होतं, आणि त्याचीच त्याला जास्त शिसारी येत होती.

प्रत्येकाला जहाजाची सोनेरी प्रतिकृती भेट मिळाली. ओतारीने ती हातात घेऊन नखाने टिचकी मारली, कानाशी धरली, आणि हसून वासूकडे दिली. "प्लॅस्टिक आहे रे. वर मुलामा," असं म्हणून त्याने ती परत मागून घेतली आणि मांडीवर जपून ठेवली.

मग पावडरसाहेब बोलायला उभे राहिले. केस पिकले होते, पावडर तीच. आपल्या जहाजाचा आत्मा कोणता, त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, पाहुणा आधी. टाळ्या. आणि मग वासूला जे हवं होतं आणि नको होतं तेच आलं. आमच्या भट्टीवाल्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा पंखा काढून लढाईवर निघालेल्या जहाजाच्या इंजिनरूमला दिला. नवा शेवटपर्यंत आला नाही. हे गडी धुरात काम करत राहिले, पण तक्रार म्हणून नाही. तो आपला ओतारी, एकदा असा पांढराफटक होऊन वर आला की मी विचारलं, काय रे, पिठाच्या गिरणीतून आलास का. सगळा हॉल हसला. ओतारीही हसला, आणि हसताहसता खोकला लागून वाकला.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याची पाठ चोळायला घेतलेला हात तसाच थांबला. त्या वासूकडे वळल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "भावजी, पंखा नव्हता म्हणजे? किती दिवस नव्हता?"

"दिवस कसले, वहिनी. गेला तो परत आलाच नाही. जहाज सोडेपर्यंत हा तसाच ओतत होता."

"आणि तो पांढरा धूर छातीत जायचा?"

"दुसरीकडे जायला वाटच नव्हती."

त्यांची नजर ओतारीच्या उसवलेल्या खिशावर गेली आणि तिथेच राहिली. वासूच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला. उरलेला अर्धा व्यासपीठावर पावडर लावून उभा होता.

तेवढ्यात त्या दगडाने त्याच्याकडेच बोट दाखवलं. आमचा वासू तर त्या जहाजावर जाऊन आला होता, साहेब म्हणाले. काय वासू, कसा चालला होता आपला पंखा इंजिनरूममध्ये? कुणीतरी माइक आणून वासूच्या हातात दिला. साहेब त्याच्याकडे बघून मंद हसत होते. त्या दिवशी दारातून आत बघणारा पाइपवाला त्यांना दिसला नव्हता की दिसूनही लक्षात राहिला नव्हता, कोण जाणे. पाइपवाल्याकडे कोण बघतो.

वासू उठला. वाक्य तयार होतं, कित्येक वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. इंजिनरूममध्ये नव्हता तो, तुमच्या सिगारींचा धूर ओढायला होता, आणि खाली तुम्ही बसला होता. एवढं बोललं की काम फत्ते. त्याने ओतारीकडे पाहिलं. खोकून लाल झालेला तो माणूस सावरून ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, मांडीवर ते प्लॅस्टिकचं जहाज. सगळा हॉल आज पहिल्यांदा त्याच्याकडे आदराने बघत होता. आणि तो वासूकडे बघत होता.

"चालत होता," वासू म्हणाला. "इंजिनरूममध्येच होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. चांगला ओढत होता."

टाळ्या बराच वेळ चालल्या. लोकांनी ओतारीला उभं केलं. पावडरसाहेबांनी स्वतः खाली येऊन त्याचा हात हातात घेतला आणि फोटो काढवून घेतला. वासू खाली बसला तेव्हा त्याला स्वतःच्या तोंडाचीच किळस आली. आयुष्यभर ज्यांच्या खोटेपणाला नाक मुरडलं त्यांच्या ताटात आज तो जेवला होता, आणि वर त्यांना वाढलंही होतं. समोर चहा आला. त्याने तो शेजारच्याकडे सरकवला.

कार्यक्रम संपल्यावर वहिनी गाडी बघायला रस्त्यावर गेल्या. पायऱ्यांवर वासू आणि ओतारी दोघंच. वासू खाली वाकून सिलिंडरचा जॉइंट तपासत होता, खरं तर तोंड लपवत होता. ओतारीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लाउंजमध्ये होता ना रे?" तो म्हणाला.

वासूने मान वर केली.

"मला तेव्हाच कळलं होतं," ओतारी शांतपणे म्हणाला. मधेमधे श्वासासाठी थांबत त्याने सांगितलं, की त्या लाउंजचा वाढपी खाली भट्टीवर आला होता. नव्या लाउंजला पितळी अॅशट्रे हवे होते, तेही मेजवानीच्या आधी. तोच सहज बोलून गेला, तुमचा पंखा मात्र झकास ओढतो हं.

"मग?"

"मग काय. पाहुणा आधी. ओतून दिले अॅशट्रे." तो थांबला. "चांगले ओतले होते. एकालाही डाग नव्हता."

वासूला त्या धुराची, त्या अॅशट्रेंची, टाळ्या वाजवणाऱ्या हातांची आणि या माणसाच्या चांगुलपणाचीसुद्धा चीड आली. हे तू बायकोला का नाही सांगितलंस, त्याने विचारलं. आवाज चढला होता. इतकी वर्षं ती तुझे खिसे उसवते आहे आणि तू सिगारेटचं नाव पुढे करून बसलास.

"काय सांगू तिला?" ओतारी म्हणाला. "साहेबांच्या सिगारेटचा धूर जावा म्हणून तुझा नवरा गेला, असं? त्यापेक्षा माझी सिगारेट बरी, वासू. ती निदान माझी होती."

समोरून गाडी आली. वहिनी उतरून पायऱ्या चढून वर आल्या. ओतारीला उठवण्यासाठी त्यांनी एक हात त्याच्या दंडाखाली घातला आणि दुसरा, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याच्या शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशाच्या तोंडाशी तो थांबला. मग त्यांनी दोन बोटांनी उसवलेला कोपरा नीट बसवला आणि वरून तळहाताने दाबून धरला.

"याला बटण नाही," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर लावून देते."

"राहू दे की आता," ओतारी म्हणाला.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या शर्टांना लावते."

वासूने सिलिंडर उचलला आणि त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरला.